एट माइल रोडची भिंत आणि सरकारनं आखलेल्या वस्त्या

शर्वरी_मिशिगन

डेट्रॉइट शहर उत्तरेकडे जिथं संपतं तो रस्ता म्हणजे एट माइल रोड. दक्षिणेला शहर, उत्तरेला उपनगरं. आपली मराठी मंडळी बहुतेक सगळी उत्तरेकडे, ट्रॉय, नोवी, फार्मिंग्टन हिल्स अशा गावांत. आम्हीही तिकडचेच. शहराच्या बाजूला, एट माइलपासून हाकेच्या अंतरावर, बर्वुड स्ट्रीटच्या घरांच्या परसामागून एक काँक्रीटची भिंत जाते. सहा फूट उंच, फूटभर जाड, साधारण अर्धा मैल लांब. तिचा एक भाग मुलांच्या खेळाच्या मैदानाला लागून आहे. तेवढ्या भागावर चित्रं काढली आहेत: नागरी हक्कांच्या चळवळीतल्या, बसमध्ये चढणाऱ्या रोझा पार्क्स, साबणाचे फुगे उडवणारी मुलं. बाकीची भिंत लोकांच्या मागच्या अंगणात नुसती उभी आहे.

ही भिंत १९४१ साली एका बिल्डरनं बांधली आणि ती बांधायचं कारण होतं गृहकर्ज. त्या भागात १९२० च्या दशकापासून कृष्णवर्णीय कुटुंबं राहत होती. तेव्हा ती जागा शहराच्या पार कडेला होती. बँका कर्ज देत नसत म्हणून पगारातून पैसे उरतील तसतशी एकेक खोली वाढवत लोकांनी स्वतःच्या हातांनी घरं बांधली होती. शहर वाढत तिथवर आलं आणि शेजारच्या मोकळ्या जमिनीवर गोऱ्यांसाठी घरं बांधायचं या बिल्डरनं ठरवलं. फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन (पुढे सगळीकडे एफएचए म्हणते) या सरकारी खात्यानं कर्जाची हमी नाकारली, कारण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती. बिल्डरनं मध्ये भिंत घालायची तयारी दाखवली आणि हमी मिळाली. सरकारच्या लेखी ती भिंत कर्ज सुरक्षित करत होती.

हा धागा काढायचं कारण सांगते. मागच्या महिन्यात एका घरगुती कार्यक्रमात डेट्रॉइटचा विषय निघाला आणि 'त्या लोकांनी शहराची वाट लावली' हे वाक्य एकाहून अधिक जणांकडून ऐकलं. बोलणारी माणसं वाईट नाहीत, शिकलेली आहेत. पण या शहराच्या वस्त्या कुणी, कशा आणि कोणत्या कागदावर वेगळ्या केल्या हे आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत आहे. आणि ज्या उपनगरांत आपण घरं घेतली ती त्याच कागदांवर उभी राहिली आहेत.

तर थोडा इतिहास. महामंदीत लाखो लोकांची घरं जप्त होत होती. १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारनं होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं. बुडीत गृहकर्जं विकत घ्यायची आणि लोकांना लांब मुदतीचे, झेपतील असे हप्ते बांधून द्यायचे, असं त्याचं काम. दहा लाखांच्या आसपास कर्जं त्यांनी अशी फिरवली. पुढे १९३५ ते १९४० च्या दरम्यान याच संस्थेनं दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे करून घेतले. प्रत्येक वस्तीला एक दर्जा आणि एक रंग: उत्तम ती हिरवी, बरी ती निळी, उतरणीला लागलेली पिवळी, धोक्याची लाल. प्रत्येक वस्तीसाठी एक छापील फॉर्म भरला जाई. त्यात इमारतींचं वय, दुरुस्ती, भाडी हे रकाने होतेच, पण 'परदेशात जन्मलेली कुटुंबं किती टक्के', 'निग्रो आहेत का, असल्यास किती टक्के' आणि 'कुणाची घुसखोरी होते आहे' हेही रकाने होते. सेंट लुइसजवळच्या लाड्यू या उपनगराला हिरवा रंग देताना तिथं एकही परदेशी किंवा निग्रो नाही असं नोंदवलेलं आहे. हे फॉर्म आज इंटरनेटवर पाहता येतात, रिचमंड विद्यापीठानं सगळे नकाशे चढवले आहेत. आपापल्या शहराचा नकाशा जरूर उघडा.

१९३४ मध्ये एफएचए आलं आणि खरा घाव तिथं पडला. हे खातं स्वतः कर्ज देत नसे. बँकेनं दिलेलं कर्ज बुडालं तर आम्ही भरू, अशी हमी देत असे. हमी कुणाला द्यायची याचं त्यांचं एक नियमपुस्तक होतं. वस्ती स्थिर राहायची असेल तर तिथल्या मालमत्ता त्याच सामाजिक आणि वांशिक वर्गाच्या ताब्यात राहिल्या पाहिजेत, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. खरेदीखतातच 'ज्या वंशासाठी घरं बांधली आहेत त्याखेरीज कुणालाही राहू देणार नाही' अशी अट घालून घ्यावी, ही शिफारसही त्यातच. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा द्वेष वेगळा आणि केंद्र सरकारच्या नियमपुस्तकात छापलेली अट वेगळी. द्वेष करणारा शेजारी कधीतरी मरतो किंवा घर विकून जातो. नियमपुस्तक मात्र देशभर एकाच वेळी लागू होतं.

बाकीचं प्रतिसादांत बोलू. डेट्रॉइटबद्दल मी लिहिते, इतर शहरांत राहणाऱ्यांनी तिथलं सांगावं.

गौरी_द

वाचतेय. भिंतीबद्दल अजिबात माहीत नव्हतं, आणि मी सात मैलांवर राहते.

विनायक_टी

माहिती चांगली आहे, पण एक शंका. १९३४ ला आता नव्वद वर्षं होऊन गेली. भेदभाव बेकायदा ठरून पन्नासहून जास्त वर्षं झाली. आपणही इथं दोन बॅगा घेऊन आलो, रंगानं आपणही गोरे नाही, तरी शिकलो, कष्ट केले, घरं घेतली. मग सगळं खापर सरकारच्या जुन्या नियमांवर फोडणं कितपत बरोबर? मला खरंच समजून घ्यायचं आहे, वाद घालायचा नाही.

शर्वरी_मिशिगन

विनायकजी, हाच प्रश्न मला हवा होता.

आपण आलो कधी ते आधी पाहू. आपल्यासाठी दार उघडलं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं. घर घेताना वंश बघायला बंदी करणारा फेअर हाउसिंग कायदा आला एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर मार खाऊन मिळवलेला कायदा आपल्याला आयता मिळाला. आणि व्हिसा देताना अमेरिकेनं आपल्यातून इंजिनिअर आणि डॉक्टर वेचून घेतले. आपल्या दोन बॅगांत पदव्या होत्या, आणि त्या पदव्या बऱ्याच अंशी भारत सरकारच्या पैशावर, स्वस्त फीमध्ये मिळालेल्या होत्या.

त्याआधी इथं आलेल्या भारतीयांना काय अनुभव आला तेही आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं भारतीय माणूस गोरा नाही असा निवाडा दिला. म्हणजे 'फक्त कॉकेशियन' अशी अट असलेल्या घरात आपल्यालाही प्रवेश नव्हता. आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर ग्रॉस पॉइंट घ्या. डेट्रॉइटच्या पूर्वेला तळ्याकाठची श्रीमंत गावं. तिथल्या घरांच्या दलालांनी गिऱ्हाइकांना गुण द्यायची पद्धत चालवली होती, ती १९६० मध्ये उघडकीस आली. खासगी गुप्तहेर पाठवून माहिती काढायची: कुटुंबाची राहणी अमेरिकन आहे का, उच्चार कसे आहेत, वर्ण किती सावळा आहे. शंभरपैकी पन्नास गुण मिळाले की घर. पोलिश माणसाला पंचावन्न लागत, दक्षिण युरोपातल्याला त्याहून जास्त, ज्यूंना पंच्याऐंशी. कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना गुणच दिले जात नसत, त्यांचा अर्ज विचारातच नव्हता. हे घडलं तेव्हा आपल्यातल्या अनेकांचे आईवडील शाळेत होते.

मंजिरी_एडिसन

मी न्यूजर्सीत गृहकर्जाच्या क्षेत्रात काम करते, अर्ज तपासून मंजुरीला पाठवायचे हे रोजचं काम. विनायकजींच्या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देता येतं म्हणून लिहिते.

१९२० च्या दशकात सामान्य माणसाला घरासाठी कर्ज कसं मिळे? निम्मी रक्कम स्वतःची टाकायची. मुदत पाच-सात वर्षं. तोवर बहुधा नुसतं व्याज भरायचं आणि मुदत संपली की मुद्दल एकदम द्यायचं किंवा बँकेच्या पाया पडून नवं कर्ज घ्यायचं. मंदी आली तेव्हा लोक यातच बुडाले. एफएचएची हमी आल्यावर बँकेची जोखीम संपली आणि आज आपण जे गृहकर्ज ओळखतो ते जन्माला आलं: डाउन पेमेंट २० टक्के, पुढे १० टक्के, मुदत वीस-पंचवीस वर्षं आणि प्रत्येक हप्त्यात व्याजाबरोबर थोडं मुद्दल. भाडेकरू घरमालक झाला तो या एका बदलानं.

आता लेविटटाउन बघा, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरचं. १९४७ पासून बटाट्याच्या शेतांवर सतरा हजारांहून जास्त घरं उभी राहिली. बिल्डर विल्यम लेविट यांना एवढ्या घरांसाठी भांडवल मिळालं ते सरकारनं आधीच हमी दिली म्हणून. घर आठ हजार डॉलरच्या आत. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला डाउन पेमेंट जवळजवळ नाहीच, हप्ता महिन्याला साठ डॉलरच्या आत. अनेकांना हे शहरातल्या भाड्यापेक्षा स्वस्त पडत होतं. आणि करारात अट: गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही. १९६० मध्येही तिथं कृष्णवर्णीय जवळजवळ कुणीच राहत नव्हतं. त्याच युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला तोच सैनिकांसाठीचा कायदा कागदावर लागू होता, पण कर्ज द्यायचं बँकेनं आणि बँक देत नसे. मिसिसिपीत १९४७ मध्ये सैनिकांच्या योजनेतून घर, धंदा आणि शेतीसाठी ३,२२९ कर्जं मंजूर झाली. कृष्णवर्णीयांना मिळालेली त्यातली दोन.

ते आठ हजारांचं घर आज पाच लाखांच्या पुढे आहे. मधल्या काळात त्या घरावर दुसरं कर्ज काढून मुलांची कॉलेजं झाली, कुणी दुकान टाकलं, कुणाचं आजारपण निभावलं, शेवटी घर मुलांच्या नावावर झालं. ज्याला १९५० मध्ये घेऊ दिलं नाही त्याला १९७० मध्ये मुभा मिळाली तेव्हा किंमत कुठच्या कुठे गेली होती, आणि वडिलांकडून येणारं डाउन पेमेंट त्याच्याकडे नव्हतं. आजही माझ्याकडे येणाऱ्या पहिल्या घराच्या अर्जांत 'आईवडिलांकडून भेट' असं पत्र जोडलेलं असतं. फाइल तपासताना कोणत्या फाइलला ते पत्र असतं आणि कोणत्या फाइलला नसतं हे वर्षानुवर्षं दिसतं.

फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यम संपत्ती २,८५,००० डॉलर आहे, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. पगारातला फरक एवढा मोठा नाही. हा साठलेल्या पैशाचा फरक आहे.

अनिकेत_जे

मंजिरीताई, उत्तम प्रतिसाद. मूळ लेखातल्या नकाशांबद्दल थोडी भर घालतो, कारण हल्ली सगळीकडे लाल नकाशांनाच एकमेव गुन्हेगार ठरवलं जातं.

हे नकाशे १९३५ नंतरचे. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशननं आपली बहुतेक कर्जं त्याआधीच देऊन टाकली होती, आणि त्यात कृष्णवर्णीय घरमालकांनाही बऱ्यापैकी वाटा मिळाला होता. नकाशे तेव्हा खुले नव्हते, सगळ्या बँकांच्या भिंतींवर टांगलेले नव्हते. शिवाय लाल वस्त्यांत राहणारे बहुसंख्य लोक गोरेच होते, गरीब गोरे, इटालियन, ज्यू, पोलिश. उलट बाजूनं पाहिलं तर कृष्णवर्णीय घरमालक मात्र जवळजवळ सगळे लाल रंगात सापडतात. अर्थतज्ज्ञ प्राइस फिशबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की नकाशांनी आधीची विषमता टिपली, आणि नुकसान केलं ते एफएचएनं, सुरुवातीपासून. शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी मात्र लाल-पिवळ्या सीमेच्या दोन्ही बाजूंची तुलना करून नकाशांचाही परिणाम दाखवला आहे. वाद चालू आहे. पण दोन्ही बाजूंना एफएचएची भूमिका मान्य आहे, आणि शर्वरीताईंनी 'खरा घाव तिथं पडला' असं लिहिलंय ते म्हणूनच नेमकं आहे.

विचारसरणी कुठून आली तेही सांगतो. होमर हॉइट नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९३३ मध्ये शिकागोतल्या जमिनींच्या किमतींवर प्रबंध लिहिला. कोणत्या वंशाचे लोक आल्यावर भाव चढतात आणि कोणते आल्यावर पडतात याची उतरंड त्यानं दिली. वर इंग्रज, जर्मन, स्कॉच, आयरिश, स्कँडिनेव्हियन; तळाला निग्रो आणि मेक्सिकन. पुढच्याच वर्षी तो एफएचएमध्ये मोठ्या पदावर गेला. आणि पडताळणी? १९६० मध्ये लुइजी लॉरेंटी यांनी वेगवेगळ्या शहरांतले प्रत्यक्ष व्यवहार तपासले, तर कृष्णवर्णीय कुटुंबं आल्यावर बहुतेक ठिकाणी भाव टिकले किंवा वाढले असं दिसलं. ज्या समजुतीवर पंचवीस वर्षं देशाचं धोरण चाललं ती तपासून बघावी असं त्या खात्याला वाटलं नाही.

बाळासाहेब_शिकागो

शिकागोतून. मी इथं चाळीस वर्षं आहे, नॉर्थ लॉनडेल भागातल्या दवाखान्यात नोकरी केली, त्यामुळे 'कंत्राटावरचं घर' ही गोष्ट म्हाताऱ्या पेशंटांच्या तोंडून खूप ऐकली.

बँक कर्ज देत नाही म्हटल्यावर माणूस घर घेणार कसं? दलाल आधी गोऱ्या घरमालकाला घाबरवायचा: शेजारच्या गल्लीत 'ते' आले, तुमच्या घराची किंमत आता मातीमोल होणार. घाबरलेला माणूस मिळेल त्या भावात विकून जायचा. तेच घर काही आठवड्यांत कृष्णवर्णीय कुटुंबाला दुप्पट किमतीला, कर्जानं नाही तर हप्त्यांच्या करारावर. मालकी दलालाकडेच. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत नाही. एक हप्ता चुकला की घराबाहेर, आणि आजवर भरलेलं सगळं बुडालं, दुरुस्तीला घातलेलंसुद्धा. मग तेच घर पुढच्या कुटुंबाला. नवराबायको दोघं दोन-दोन पाळ्या करायची, पोटभाडेकरू ठेवायची, त्यामुळे घरात गर्दी व्हायची, डागडुजी राहायची, आणि मग लोक म्हणायचे 'बघा, हे लोक घर कसं ठेवतात'.

१९६८ मध्ये लॉनडेलच्या लोकांनी काँट्रॅक्ट बायर्स लीग काढली, हप्ते थांबवले, कोर्टात गेले. काहींचे करार बदलून मिळाले, मोठे खटले मात्र हरले. ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये हिशोब मांडला: शिकागोच्या कृष्णवर्णीय कुटुंबांचं या पद्धतीत तीन ते चार अब्ज डॉलरचं नुकसान झालं. माझ्या एका पेशंटबाईंनी पंधरा वर्षं भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. घर त्यांना मिळालं नव्हतं.

गौरी_द

बाळासाहेब, शेवटचं वाचून काही सुचेना.

हणमंत_के

नांदेडहून लिहितोय. अमेरिका मी पाहिलेली नाही, पण हे सगळं ओळखीचं वाटलं. गावकुसाबाहेर वस्ती, पाणवठा वेगळा, हे आमच्या आजोबांनी भोगलं. १९१७ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याला नोकरीवर आले तर राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीत नाव लपवून राहावं लागलं आणि लोक काठ्या घेऊन आले तेव्हा तीही सोडावी लागली. आज शहरात घर बघायला गेलो की आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही तर 'नॉनव्हेज खाता का' विचारतात. मग तिथलं वेगळं ते काय?

शर्वरी_मिशिगन

हणमंतराव, तुमचा प्रतिसाद मी पुन्हापुन्हा वाचला. माणसाला मिळणारी वागणूक तीच आहे, त्यात फरक नाही. यंत्रणा मात्र वेगळी आहे असं मला वाटतं. तिथं शतकानुशतकांची रूढी होती, तिला राज्यघटनेनं नाकारलं आणि रूढी तरीही चालू राहिली. इथं विसाव्या शतकातल्या आधुनिक सरकारनं, करदात्यांच्या पैशानं, नवी वेगळी वस्ती बांधून दिली. कधीकधी तर आधी मिसळून राहणाऱ्यांना उठवून. अटलांटात टेकवुड होम्स ही सरकारी वसाहत १९३० च्या दशकात फक्त गोऱ्यांसाठी झाली, त्यासाठी पाडलेल्या जुन्या वस्तीत दोन्ही लोक शेजारी राहत होते.

खासगी अटींबाबत कायदा मात्र इथं पुढे गेला. सुप्रीम कोर्टाच्या १९४८ च्या निकालानं अशा अटींची अंमलबजावणी कोर्टानं करायची नाही असं ठरलं. भारतात २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवायचा नियम ग्राह्य धरला. यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा, तुम्ही काढलात तर मी नक्की लिहीन.

अॅड_सुनंदा

त्या १९४८ च्या निकालात एक खटला डेट्रॉइटचा होता, तो सांगायलाच हवा.

सुरुवात १९२५ पासून करते. डॉ. ऑसियन स्वीट, कृष्णवर्णीय डॉक्टर, व्हिएन्ना आणि पॅरिसला शिकून आलेले. त्यांनी गार्लंड स्ट्रीटवर गोऱ्यांच्या वस्तीत १८,५०० डॉलरला घर घेतलं. सप्टेंबरात राहायला गेले आणि बाहेर शेकडोंचा जमाव. पोलीस उभे राहून बघत होते. दुसऱ्या रात्री दगडफेक वाढली, घरातून गोळ्या सुटल्या, बाहेरचा एक माणूस मेला. घरातल्या अकराही जणांवर खुनाचा खटला, डॉक्टरांची बायको ग्लॅडिस हिच्यावरसुद्धा. वकील क्लॅरन्स डॅरो, न्यायाधीश फ्रँक मर्फी. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्यांदा धाकटे भाऊ हेन्री निर्दोष सुटले आणि मग बाकीच्यांवरचा खटला सोडून दिला. जिंकून हाती काय आलं? मुलगी आणि ग्लॅडिस दोघीही क्षयानं गेल्या. १९६० मध्ये डॉक्टरांनी आत्महत्या केली.

नंतर १९४४ मध्ये ऑर्सेल आणि मिनी मॅगी या जोडप्यानं सीबाल्ट स्ट्रीटवर घर घेतलं. 'कॉकेशियन वंशाखेरीज कुणीही वापरणार नाही, राहणार नाही' या अटीवर बोट ठेवून शेजारी कोर्टात गेले आणि मिशिगनच्या कोर्टांत जिंकले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थर्गूड मार्शल यांनी हे प्रकरण सुप्रीम कोर्टात लढवलं आणि अशाच अटीवरच्या सेंट लुइसच्या शेली खटल्याबरोबरच त्याचा निकाल लागला. नऊपैकी तीन न्यायाधीश बाजूला झाले. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या स्वतःच्या घरांवर अशाच अटी असाव्यात असं मानलं जातं. उरलेल्या सहांनी एकमतानं मॅगींच्या बाजूनं निकाल दिला. त्या सहांत फ्रँक मर्फी होते, स्वीट खटल्यातले तेच न्यायाधीश.

निकाल लागूनही एफएचएनं नव्यानं अट घातलेल्या घरांना हमी देणं १९५० पर्यंत थांबवलं नाही.

विनायक_टी

बरंच नवीन कळलं, सगळ्यांचे आभार. पण १९६८ नंतर तरी मार्ग मोकळा झाला की नाही?

शर्वरी_मिशिगन

तोपर्यंत डेट्रॉइटची मध्यवर्ती कृष्णवर्णीय वस्तीच उरली नव्हती. ब्लॅक बॉटम आणि शेजारचं पॅराडाइज व्हॅली, हेस्टिंग्ज स्ट्रीटवर ओळीनं दुकानं, दवाखाने, जाझचे क्लब. मुष्टियोद्धा जो लुइस तिथं राहिला, पुढे महापौर झालेले कोलमन यंग तिथंच वाढले. 'शहर सुधारणे'च्या नावाखाली १९५० च्या दशकात ही वस्ती पाडली. हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या जागी क्रायस्लर फ्रीवे आला. बरीच कुटुंबं भाडेकरू होती, त्यांच्या हातावर फारसं काही पडलं नाही. पाडलेली जमीन काही वर्षं तशीच ओसाड होती. दुकानदाराचं गिऱ्हाईक एका वस्तीत असतं, वस्ती पांगली की त्याचा धंदा दुसरीकडे उभा राहत नाही. त्या रस्त्यावरचे बहुतेक धंदे पुन्हा उभे राहिले नाहीत.

आणि उपनगरं? डिअरबॉर्नचे महापौर ऑर्व्हिल हबर्ड १९४२ पासून १९७८ पर्यंत सत्तेवर होते, कृष्णवर्णीयांना गावात येऊ देणार नाही हे उघड सांगून निवडून येत. फोर्डच्या रूज कारखान्यात हजारो कृष्णवर्णीय कामगार डिअरबॉर्नमध्ये राबायचे आणि झोपायला इंकस्टरला जायचे. वॉरनची लोकसंख्या १९७० मध्ये पावणेदोन लाखांच्या पुढे होती, कृष्णवर्णीय कुटुंबं तीसच्या आत. त्या वेळचे गृहनिर्माणमंत्री जॉर्ज रॉमनी हे मिशिगनचेच माजी गव्हर्नर, रिपब्लिकन. त्यांनी ठरवलं की जे गाव वस्ती खुली करणार नाही त्याला सरकारी निधी नाही. वॉरनमध्ये उठाव झाला आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी रॉमनींना आवरलं. १९६८ च्या कायद्याला दंड करायचे खरे दात आले ते १९८८ च्या दुरुस्तीत.

मग शाळा. इथं तेव्हा शाळेचा पैसा बराचसा स्थानिक घरपट्टीतून येत असे. १९७४ मध्ये मिलिकन विरुद्ध ब्रॅडली हा डेट्रॉइटचाच खटला, सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की शहराच्या शाळांतलं वेगळेपण मोडायला उपनगरांना सामील करून घेता येणार नाही. आपण घर घेताना सगळ्यात आधी 'स्कूल डिस्ट्रिक्ट कोणतं' विचारतो, विनायकजी. त्या प्रश्नाला एवढी किंमत आली ती या निकालामुळे.

मृणाल_पर्यावरण

थोडी भर. २०२० मध्ये १०८ शहरी भागांचा अभ्यास झाला. पूर्वीच्या लाल वस्त्या त्याच शहरांतल्या इतर वस्त्यांपेक्षा उन्हाळ्यात सरासरी २.६ अंश सेल्सियसनं जास्त तापतात. झाडं कमी, डांबर जास्त, फ्रीवे जवळ. माझं काम याच क्षेत्रातलं आहे आणि उष्णतेच्या लाटेत रुग्णवाहिका कुठं जातात हे नकाशावर टाकलं की जुने रंग पुन्हा दिसतात.

सिएटलकर

आमच्या सिएटलमध्ये ब्रॉडमूर नावाची वस्ती आहे. तिथल्या १९२८ च्या खरेदीखतांत अट अशी: या मालमत्तेत कोणताही हिब्रू, इथिओपियन, मलय किंवा कोणत्याही आशियाई वंशाचा माणूस कधीही राहणार नाही, घरकामाचे नोकर तेवढे चालतील. 'कोणत्याही आशियाई' म्हणजे आपण आलोच.

वॉशिंग्टन राज्यानं २०२३ मध्ये यावर कायदा केला. मालमत्तेचे कागद नोंदवताना १०० डॉलर जादा घेतले जातात. १९६८ पूर्वी या राज्यात राहिलेल्या आणि अशा अटींचा फटका बसलेल्या समाजांतली कुटुंबं, किंवा त्यांचे वारस, पहिलं घर घेत असतील तर त्या पैशातून त्यांना डाउन पेमेंटला मदत मिळते. आम्ही मागच्या वर्षी घर घेतलं तेव्हा खर्चाच्या यादीत ही रक्कम होती. आमच्या ओळखीतले काही जण 'आम्ही काय केलं होतं' म्हणून कुरकुरतात. मला ती रास्त वाटते, मी आनंदानं भरली.

बाळासाहेब_शिकागो

सिएटलकर, आमच्या शेजारच्या एव्हनस्टन गावानं २०२१ मध्ये असंच सुरू केलं. १९१९ ते १९६९ या काळात गावात राहिलेल्या कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्या वंशजांना घरासाठी २५ हजार डॉलर. आधी वयानं मोठे असलेल्यांना. माझ्या माहितीतले एक गृहस्थ त्या यादीत होते, त्यांनी छप्पर बदलून घेतलं.

मंजिरी_एडिसन

जुनं खरेदीखत कुणाला तपासायचं असेल तर काउंटीच्या नोंदणी कार्यालयात मागचे सगळे व्यवहार मागता येतात, बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन मिळतात. १९५० च्या आधीची वसाहत असेल तर मूळ बिल्डरनं नोंदवलेला अटींचा कागद शोधा, वांशिक अट बहुधा त्यातच असते, तुमच्या स्वतःच्या कागदात नसते. अडलं तर मला निरोप पाठवा, कुठला कागद मागायचा ते सांगेन.